व्लास्ताच्या हातचे रीझेक

ओताकार झेद्निक चिकट माणूस होता, हे आमच्या चेस्का त्रेबोवा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गाव रेल्वे जंक्शनचं आणि ओताकारची नोकरी चाकं ठोकायची. गाडी येऊन थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन हा एकेका चाकावर टोला मारत जायचा. आवाज खणखणीत आला तर चाक धड, बद्द आला तर तडा गेलाय. घरी आला तरी तीच तऱ्हा. पाव घेताना टिचकी मारून बघणार, बादली घेताना टिचकी मारून बघणार, आणि बायकोने नवे बूट मागितले तर जुन्या बुटाच्या टाचेवर टिचकी मारून म्हणणार, “अजून दोन हिवाळे सहज जातील.”

ही बायको म्हणजे व्लास्ता. गोष्ट खरं तर तिची आहे, पण या नवऱ्यावाचून ती सांगताच येत नाही, त्याला काय करणार!

व्लास्ता रेल्वेच्या विश्रांतिगृहात धुण्याच्या कामाला होती. गाड्यांचे ड्रायव्हर झोप काढून गेले की त्यांच्या चादरी हिच्याकडे. हात कायम लाल, बोटांना भेगा. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. नवरा चिकट म्हणून कपाळाला हात लावून बसणारी ती नव्हे. त्याच्या चिकटपणाचे किस्से ती असे रंगवून सांगायची, की चादरी पिळता पिळता बायका पोट धरून खाली बसायच्या. एक गोष्ट मात्र तिला मनातून लागलेली होती, आणि ती होती प्रवासातल्या जेवणाची.

रेल्वेवाल्यांना आणि त्यांच्या बायकांना दरवर्षी परदेशच्या गाड्यांचे फुकट पास मिळतात. कम्युनिस्ट राजवटीत सरहद्दी बंद होत्या तोवर आपलं बुडापेस्ट नाहीतर बर्लिन. त्या उघडल्या तेव्हा व्हिएन्ना, ल्युब्लियाना, त्रिएस्ते, पार समुद्रापर्यंत. ओताकारला याचं भारी वेड. फुकट ते पौष्टिक! झोप गाडीतच काढायची, दिवसभर शहर तुडवायचं, संध्याकाळी पुढची गाडी धरायची, म्हणजे हॉटेलची भानगडच नको. आणि जेवण घरून. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की बरोबर रीझेक असतातच. डुकराच्या मांसाची कापं कुटून पातळ करायची, पिठात, अंड्यात आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायची, मग दोन पावांच्या मध्ये घालून कागदात गुंडाळायची, जोडीला खारवलेली काकडी. सगळेच नेतात. पण बाकीचे लोक पहिल्या दिवशी ते संपवतात आणि मग कुठेतरी बसून निदान वाटीभर गरम सूप तरी पितात. ओताकारच्या घरचे रीझेक शेवटच्या दिवसापर्यंत पुरायचे. तिसऱ्या दिवशी त्यांचा पाव ओला व्हायचा आणि तळलेलं कवच सुटून कागदाला चिकटायचं. मग तो कागदही खरवडून खायचा.

अशाने व्लास्ताला अर्ध्या युरोपातल्या स्टेशनांची बाकं पाठ झाली. हॉटेलांच्या दाराबाहेर मेनू लावलेले असत, ते वाचत ती उभी राहायची. आजी जर्मन बोलणारी, त्यामुळे व्हिएन्नात तिला सगळं कळायचं.

“बघ रे, उकडलेलं गोमांस, त्यावर किसलेलं सफरचंद आणि झणझणीत मुळा.”

“वाचून झालं?” ओताकार म्हणायचा. “मग पोट भरलं असेल. चल.”

गाडीत तर तो मुद्दाम डायनिंग कारच्या शेजारच्या डब्यात जागा धरायचा. “वासाला पैसे पडत नाहीत, म्हातारे. वास त्यांचा घे आणि रीझेक आपला खा.” आणि पहिला घास तोंडात गेला की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, “मीठ कमी आहे.” तिने मीठ वाढवून पाहिलं. मांस आदल्या दिवशी मिठात घालून पाहिलं. एकदा रागाने मूठभर मीठ ओतलं. तरी “मीठ कमी.” शेवटी तिने नाद सोडला.

त्रिएस्तेला एकदा तिचा पाय फार दुखत होता. बंदरापाशी एका खानावळीने बाहेर टेबलं मांडली होती, त्यातल्या एका खुर्चीवर ती जरा टेकली. वेटर आला, हसला आणि त्याने मेनू पुढे केला. ओताकारने तिचा दंड धरून तिला उठवलं. “ऊठ ऊठ, खुर्चीचेही पैसे लावतील.” वेटरने तिच्यादेखत ती खुर्ची फडक्याने पुसून घेतली. हा किस्सा व्लास्ताने कामावर कधी कुणाला रंगवून सांगितला नाही. फक्त राद्काला, म्हणजे तिच्या लेकीला, ती एकदा म्हणाली, “मरायच्या आधी एकदा त्या खुर्चीवर बसायचंय. दुसऱ्याने वाढलेलं, गरमागरम, निवांत खायचंय. दुसरं काही नको मला.”

दोघं निवृत्त झाली, म्हातारी झाली. एका सप्टेंबरात ओताकार सकाळी स्वयंपाकघरात आला, टेबलावर टिचकी मारली आणि म्हणाला, “या खेपेला डबा नको. गावोगाव बसून जेवायचं. व्हिएन्ना, त्रिएस्ते, बुडापेस्ट. खोल्यासुद्धा सांगून ठेवल्यात.”

व्लास्ताने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. “ताप बीप आलाय का तुला?”

“नको असेल तर राहिलं.”

“नको कोण म्हणतंय, मेल्या!”

तिला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. केस सेट करून घेतले, राद्काचा निळा कोट मागून आणला. राद्का म्हणाली, “आई, बाबांना झालंय तरी काय?” “म्हातारचळ,” व्लास्ता म्हणाली. “उतरायच्या आत जाऊन येते.”

खरं तर तिथेच तिला शंका यायला हवी होती. उन्हाळाभर ओताकार नुसतं सूप पीत होता, दाढ दुखते म्हणून. पट्ट्याला त्याने स्वतः सुईने नवं भोक पाडलं होतं. पण चिकट माणूस कमी खायला लागला तर कुणाला आश्चर्य वाटतं? व्लास्ताला उलट वाटलं की तिच्या जेवणासाठीच तो पैसे साठवतोय. आणि तरी तिचा त्याच्यावर भरवसा नव्हताच. व्हिएन्नाला उतरल्यावर हा म्हणाला, ‘महाग आहे, पुढच्या गावात बघू’, तर काय घ्या? म्हणून निघायच्या दिवशी ओताकार न्हाव्याकडे गेला तेवढ्यात तिने रीझेक तळले आणि पिशवीच्या तळाशी, रात्रीच्या झग्यात गुंडाळून ठेवले.

पण ओताकार शब्दाला जागला. व्हिएन्नात त्याने तिला पांढरं कापड अंथरलेल्या टेबलाशी बसवलं. तेच उकडलेलं गोमांस, तेच सफरचंद आणि मुळा, तांब्याच्या भांड्यात वाफाळत आलं. स्वतःसाठी त्याने नुसतं सूपचं पाणी मागवलं.

“तू खात का नाहीस?”

“गाडीने पोट ढवळलंय. तू खा. कसं आहे ते सांग.”

“कसं म्हणजे? चांगलं आहे.”

“असं नाही. नीट सांग.”

मग ती सांगत बसली. मांस बोटाने तुटतं, चरबी जिभेवर विरघळते, मुळा नाकात जातो. बोलता बोलता खरंच मुळा नाकात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ओताकार पोटभर हसला. इतकं मन लावून तिचं बोलणं तो लग्नाच्या आधीही कधी ऐकत नसे.

तिथून निघाले तेव्हा व्लास्ता हवेत तरंगत होती. स्टेशनवर आल्यावर तिने पिशवीत हात घातला, कागदाची पुरचुंडी बाहेर काढली आणि ओताकारच्या नाकासमोर नाचवली.

“हे काय आहे ओळख! तू फसवशील म्हणून केले होते. आता बघ!” आणि तिने ती पुरचुंडी सरळ कचऱ्याच्या पिंपात फेकली. “गेले! चाळीस वर्षांचे ओले पाव गेले!”

ओताकार जागच्या जागी उभा राहिला. “टाकलेस?”

“टाकले. आता ओरड, अन्न फुकट घालवलं म्हणून.”

“नाही,” तो म्हणाला. “बरं केलंस.” पण फलाटावर जाईपर्यंत त्याने दोनदा मागे वळून पिंपाकडे पाहिलं. तिला वाटलं, जित्याची खोड, दुसरं काय.

त्रिएस्तेला ती खानावळ होती तिथेच होती. खुर्च्या नव्या होत्या, वेटर नवा होता. ओताकारने तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली. “बस. पाहिजे तेवढा वेळ बस.” तळलेली मासळी आली, शिंपल्यांचा रस्सा आला, वाईन आली. या वेळी त्याने स्वतःसाठीही मागवलं. मासळीचे मटारएवढे तुकडे करून तो एकेक तोंडात घाली, बराच वेळ चघळी, आणि मग रुमाल तोंडाशी नेई. व्लास्ताच्या हे लक्षात आलं तेव्हा ती भडकली.

“नाक कशाला मुरडतोस? बिलाकडे बघून तोंड वाळलं ना? असलं कुथत कुथत जेवायला घालायचं होतं तर आणलंस कशाला? एक दिवस, ओताकार, एक दिवस माझ्यासमोर माणसासारखा जेव!”

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. ओताकारने रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाला, “मासळी कशी आहे ते सांग.”

“खाऊन बघ आणि तूच सांग,” ती म्हणाली. त्या दुपारी ती त्याच्याशी बोलली नाही. इतकी वर्षं जिचं स्वप्न पाहिलं त्या खुर्चीवर ती फुगून बसली आणि समुद्राकडे तोंड करून एकटीने सगळी मासळी संपवली. हे बोलणं पुढे तिला जन्मभर टोचायचं होतं.

बुडापेस्टला ओताकारने तिचं मन राखायचं ठरवलं असणार. बाजाराच्या माडीवर एक साधं जेवणघर होतं, तिथे दोन वाडगे लाल रस्सा आणि मांस आलं. व्लास्ताने पहिला घास घेतला. ओताकारनेही घेतला, आणि या खेपेला त्याने रुमाल काढला नाही, गिळला. डोळे विस्फारले. तोंड आधी लाल, मग निळसर झालं. हाताने वाडगा उडाला. तो उठला, भिंतीला धरधरून मागच्या मोरीपाशी गेला, आणि व्लास्ता पोचली तेव्हा गिळलेलं सगळं वर आलं होतं. त्यात रक्त होतं.

तिने त्याचं कपाळ धरलं. अंगात माणूस उरलाच नव्हता; कोटाच्या आतून तिच्या हाताला नुसत्या फासळ्या लागल्या.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“ईस्टरपासून.” तो पालथ्या हाताने तोंड पुसत म्हणाला. “अन्ननळीत गाठ आहे. डॉक्टरने टोला मारून सांगितलं, तडा गेलाय.”

“चेष्टा सुचते तुला? मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर आली असतीस का? घरी बसून रडली असतीस. आणि मला सूप पाजत बसली असतीस.”

“ऑपरेशन...”

“उशीर झाला म्हणतात. कापून बघतो म्हणाले, मी नको म्हटलं. व्लास्ता, मला तुझं एकच देणं होतं. म्हटलं, ते तरी फेडू.”

ती तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि हंबरडा फोडून रडली. ओताकारने तिला उठवलं, टेबलाशी नेलं, वाडगा तिच्यापुढे सरकवला.

“खा.”

“मला नाही जात रे.”

“तुला जातं!” तो ओरडला. “मला जात नाही, तुला जातं! एवढी गावं पालथी घातली ती काय रडं बघायला? खा!”

तिने खाल्लं. मिरची होती, मांस होतं, कसलीच चव नव्हती. नाक गळत होतं, ते रश्शात पडत होतं. ओताकार समोर बसून तिच्या गळ्याकडे बघत होता. घास खाली उतरला की त्याचाही गळा हलायचा. वाडगा रिकामा होईपर्यंत त्याने तिला उठू दिलं नाही.

परतीच्या गाडीत ते सवयीने डायनिंग कारच्या शेजारच्या डब्यातच बसले. बाहेर डॅन्यूब नदी चालली होती. ओताकारने डोळे मिटले होते. शेजारून तळणाचा वास आला तसं त्याने डोळे न उघडताच म्हटलं, “म्हातारे, एक रीझेक दे.”

व्लास्ताचा हात सवयीने पिशवीकडे गेला आणि मागे आला.

“गिळणार नाही गं. नुसता तोंडात धरतो. इतक्या गावचं तुझ्या तोंडून ऐकलं, पण वास आला की मला आपला तोच आठवतोय.” मग त्याला आठवलं असावं. त्याने डोळे उघडले. “अरे हो. टाकलेस नाही का. राहू दे.”

राहू दे कसलं! व्लास्ता उठली. जिच्या दारातून आयुष्यभर नुसता वास घेतला त्या डायनिंग कारमध्ये ती पहिल्यांदा शिरली. काउंटरवरच्या माणसाला म्हणाली, “एक रीझेक दे बाबा, लौकर. माणूस मरतोय माझा.” त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसऱ्या कुणासाठी काढलेली ताटली तिच्या हातात दिली. हलत्या गाडीत, भिंतीवर आपटत, ती ताटली सांभाळत ती परत आली. तिने एक कोपरा कापला, गार केला आणि स्वतःच्या बोटांनी त्याच्या तोंडात ठेवला.

ओताकारने तो जिभेवर धरला. बराच वेळ धरला. गालांची हाडं हलली. मग त्याने रुमाल घेतला, घास त्यात काढला, रुमाल दुमडला.

“मीठ बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण तुझ्या हातचा नाही हा.”

चाळीस वर्षांत त्या माणसाने तिच्या हाताचं कौतुक केलं ते एवढंच. आणि तिच्या हातचे रीझेक व्हिएन्नाच्या पिंपात पडले होते. तिने ताटली मांडीवर ठेवली आणि घर येईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

घरी पोचल्यावर अंगातला कोटही न काढता तिने चरबी तापत ठेवली. पण पहिला रीझेक कढईतून निघायच्या आत ओताकारला पुन्हा उलटी झाली, आणि या वेळी रक्त थांबेना. शेजाऱ्याने गाडी काढली. इस्पितळात त्याच्या नाकातून नळी घातली. व्लास्ता रोज रीझेक तळून न्यायची, कागदात गुंडाळलेला, छातीशी धरून गरम ठेवलेला. नर्स बिचारी भली होती, म्हणायची, “बाई, आता तोंडात काही द्यायचं नाही. लाळसुद्धा उतरत नाहीये त्यांची.” मग व्लास्ता तो कागद उशाशी उघडून ठेवायची. पहिले काही दिवस ओताकार मान तिकडे वळवायचा. नंतर नंतर त्याला वासही कळेनासा झाला. तो पाणी मागत मागत गेला, आणि तेही त्याला कुणी देऊ शकलं नाही.

त्याला रेल्वेचा गणवेश घातला होता. शवपेटी झाकायच्या आधी व्लास्ता आत गेली आणि तिने त्याच्या कोटाच्या खिशात कागदाची पुरचुंडी सारली. कागदावर तेलाचा डाग पसरलेला होता. राद्काने तिचा हात धरला.

“आई, अगं हे काय? लोक काय म्हणतील?”

“प्रवासाला निघालाय तो,” व्लास्ता म्हणाली. “उपाशी पाठवू?”

“आई...”

“सोड हात. ताजे आहेत, सकाळचे.” तिने खिशाचं बटण लावलं, वरून हात फिरवला. “आणि मीठ कमी घातलंय. नाहीतर तुझ्या बापाला ओळखू यायचे नाहीत.”